वादळानंतरचं केशोरी आणि खांबावर चढलेला भाचा

मे महिन्यात गोंदिया जिल्ह्यात जाऊ नका. मला हे बायकोने सांगितलं होतं, शेजारच्या औषधवाल्याने सांगितलं होतं, आणि आता मी तुम्हाला सांगतो. नवेगावचा तलाव, इटियाडोहचं धरण, गोठणगावच्या पुढचं जंगल, हे सगळं पाहायचं असेल तर दिवाळीनंतर जा. धान कापणीला आलेलं असतं, सकाळी धुकं असतं, आणि धानाच्या एखाद्या बांधीत सारस पक्ष्यांची जोडी दिसली तर जन्माचं समाधान होतं.

मी मात्र मे महिन्यातच गेलो, कारण ताईचा फोन आला.

माझी मोठी बहीण केशोरीच्या पुढे जंगलाच्या कडेला एका लहान गावात राहते. गावाचं नाव लिहीत नाही. वाचल्यावर तुम्हालाच कळेल का ते. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा एकच मुलगा, प्रवीण, वयाने तिशीचा. तो तिकडच्या भागात वायरमन आहे, कंत्राटावर. लग्न ठरत होतं, मोडत होतं.

"बाबू, तू ये," ताई म्हणाली. "त्याले समजावून सांग. माझं आयकत नाही तो. वादळ आलं का हा घराच्या बाहेर. सारं जग घरात पयते, अन माझा पोट्टा बाहेर पयते."

वर्ध्यात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दोन दुकानं सोडून माझ्या मित्राचं मोटार रिवाइंडिंगचं काम चालतं, त्याला विजेचं जाणणारा माणूस हवाच होता. मी त्याला विचारून ठेवलं. तो म्हणाला, "पाठव, उद्यापासून." बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर होती. ताईच्या गावच्या विहारात वंदना होईल, खीर होईल, आणि त्या निमित्ताने प्रवीणशी बोलणंही होईल, असा विचार करून मी पिशवी भरली.

पहिला दिवस

वर्ध्याहून सकाळची एक्सप्रेस धरली. जनरलच्या डब्यात खिडकीतून येणारा वारा इस्त्रीच्या तोंडावरून आल्यासारखा होता. ओला रुमाल डोक्यावर ठेवला की भंडारा रोड येईपर्यंत तो वाळून कडक व्हायचा. तुम्ही जाणार असाल तर एसीचं तिकीट काढा, त्यात कमीपणा मानू नका. मी मानला आणि भोगला.

तुमसर सोडल्यावर तिरोड्याच्या बाजूला वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागल्या. समोर बसलेला तिरोड्याचा एक व्यापारी आपल्या जोडीदाराला सांगत होता, "भाई, बिजली बनाने को भी पानी लगता है. नदी सूख गयी तो क्या बनायेंगे?"

जोडीदार हसला. "पानी नहीं तो बिजली नहीं, और बिजली नहीं तो पानी नहीं. हमारे बोअर का क्या होगा फिर?"

"तेरा बोअर? उसमें तो पहले भी हवा ही आती थी."

डबा हसला, मीही हसलो. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. आमच्या लहानपणी विहिरीवर दोर होता. दिवा घासलेटचा होता. वादळ आलं तर कौलं उडायची, ती आपणच दुसऱ्या दिवशी चढून बसवायची. आता पाणी, दळण, फोन, आजाऱ्याचं औषध, सगळं एकाच तारेला टांगलेलं आहे, आणि ती तार उघड्यावर आहे.

गोंदियाला उतरून स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री जपून मागा. हाताशी अर्धा दिवस असेल तर नागऱ्याचं जुनं शिवमंदिर पाहून या, ऑटो मिळतात. मला दुपारची चंद्रपूरकडची पॅसेंजर पकडायची होती. ती अर्जुनीला उतरवते. रस्त्याने जाणाऱ्यांनी गोंदियातच पेट्रोल भरून घ्यावं. अर्जुनीहून केशोरीकडे एसटी आहे, पण तिची वाट पाहण्यापेक्षा काळीपिवळी जीप बरी. माणूस, कोंबड्या आणि तेंदूपत्त्याचे गठ्ठे यांत ती भेदभाव करत नाही. गोठणगाव सोडलं की दोन्ही बाजूंनी जंगल लागतं आणि गाडीतली बडबड आपोआप कमी होते. रस्त्याच्या कडेने विजेचे खांब चाललेले असतात, झाडांच्या फांद्यांखालून, नाल्यांवरून, कुठे माणसाचा मागमूस नाही तिथूनही. इतक्या वेळा त्या रस्त्याने गेलो, पण त्या तारांकडे कधी पाहिलं नव्हतं.

ताईने लाखोरीची डाळ, भात आणि केशोरीच्या लाल मिरचीचा ठेचा केला होता. मी दोन घास खाल्ले आणि डोळ्यांतून पाणी काढलं. प्रवीण म्हणाला, "मामाजी, वर्ध्याची हवा लागली तुमाले."

दुसरा दिवस

रात्रभर अंगणात झोपूनही अंग ओलंच होतं. पहाटेचा गारवा म्हणून जो असायचा, तो आलाच नाही. वंदना म्हणायला बसलो तेव्हा भिंत पाठीला कोमट लागत होती.

सकाळी प्रवीणच्या मोटारसायकलवर मागे बसून निघालो. त्याला फेरी मारायची होती आणि मला त्याच्याशी बोलायचं होतं. गावाबाहेर एका डीपीपाशी तो थांबला. डीपी म्हणजे तुमच्या-माझ्या भाषेत ट्रान्सफॉर्मर. त्याच्यातून एक जड घूं-घूं येत होती. कोणीतरी त्याच्यावर ओली पोती टाकली होती.

"हे काय?"

"गावातल्या लोकायनं टाकले. ताप आला म्हंते त्याले." तो काठीने पोती खाली ओढत होता. "किती वेळा सांगितलं का हे असं कराचं नाही. पन त्यायचंबी बरोबर आहे. पयले हा दिवसा तपे अन रात्री थंडा होये. आता रात्रीबी थंडा होत नाही. सारे कूलर रातभर चालून राहिले. किती सोसल?"

मग त्याने वर बोट केलं. दोन खांबांमधली तार उन्हाने ढिली पडून बरीच खाली आली होती. तिच्याखालून भारा घेतलेली बाई जायची म्हटली तर मान वाकवावी लागेल असं मला वाटलं. तो म्हणाला, तितकी खाली नाही, पण असायला नको तितकी आहे.

"वादळं पयलेबी होती ना गा," मी म्हणालो.

"होती. मृगाच्या तोंडावर येत. एक यायचं, दोन यायचे, आमी खांब उभे कराचो, संपलं. आता चैतापासून चालू होऊन राहिलं. एक लाईन उभी करतो, तं दुसरी पडते. मांगच्या महिन्यात हाच खांब दोनदा उभा केला." त्याने खांबाला थोपटलं, बैलाला थोपटतात तसं.

मी वर्ध्याच्या कामाचं काढलं. सावलीतलं काम, पंखा, महिन्याच्या महिन्याला पगार. त्याने ऐकून घेतलं. "आईनं बोलावलं ना तुमाले?" एवढंच म्हणाला आणि किक मारली.

घरी ताईने मला एक गोष्ट सांगितली. लाईन चालू करायच्या आधी प्रवीण तिला नेहमी फोन करतो. "आई, चालू करून राहिलो," एवढेच शब्द. गावाला वाटतं ही बाई आधीच कशी सांगते की आता लाईट येणार. "मले लाईटशी काय करायचं आहे?" ताई म्हणाली. "फोन आला म्हंजे तो खांबावरून खाली उतरला. तेवढंच मी आयकतो."

दुपारी उन्हाचा पांढरा रंग बदलून पिवळा झाला. कुत्री ओसरीत येऊन बसली. पश्चिमेकडून धुळीची भिंत उठली आणि तिच्यामागे आभाळ जांभळं होतं. पुढचं सगळं इतक्या लवकर झालं की मला क्रम नीट सांगता येत नाही. वारा आला, पत्रे ओरडले, समोरच्या घराचं छप्पर एकदम उचललं गेलं आणि पलीकडच्या बांधीत जाऊन पडलं. मग गारा आल्या. बोरांएवढ्या म्हणतात, या लिंबाएवढ्या होत्या. ताई, मी आणि प्रवीण घराच्या मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो. वीज कडाडली की ताई माझा नाही, त्याचा हात धरायची. दूरवर एक हिरवट-निळा उजेड जमिनीलगत चमकला आणि पंखा थांबला.

"तार तुटली," प्रवीण म्हणाला. तो पायात बूट घालत होता.

पाऊस थांबेपर्यंत ताईने त्याला दारात अडवून धरलं. थांबल्यावर मात्र अडवता आलं नाही. संध्याकाळी तो परत आला तेव्हा चिखलाने माखला होता. म्हणाला, नाल्यापलीकडे ओळीने खांब पडलेत, आतल्या सळया बाहेर आल्यात, केशोरीकडचे जुने वायरमन टेंभरेकाका आणि तो मिळून उद्या सकाळी सुरू करतील. "परवा संध्याकाळच्या आत लाईट येत नाही. कोनी विचारलं तं सांगजो."

पौर्णिमा

सकाळी वंदनेला सगळे विहारात जमलो. पांढरे कपडे घातलेली माणसं आणि बाहेर पांढऱ्या गारांनी फाडलेली झाडं. आंबे खाली पडून फुटले होते. तेंदूपत्ता वाळत घातला होता तो सगळा चिंध्या झाला होता, आणि ज्यांनी तो तोडून आणला होता त्या बायाही डोळे मिटून ओळीत बसल्या होत्या. प्रवीण पहाटेच निघून गेला होता. त्याच्यासाठी ताईने एक मेणबत्ती वेगळी लावली.

वंदना झाली आणि खरी अडचण समोर आली. पाणी नव्हतं. नळाची टाकी कालच संपली होती. हातपंपावर गाळ येत होता. उन्हं वर आली, कालच्या पावसाची ओल वाफ होऊन उठू लागली आणि लहान पोरं रडू लागली. खिरीसाठी दूध होतं, तांदूळ होते, पाणी नव्हतं. एका घरी बाळंतीण होती, तिची सासू दोन वेळा रिकामी घागर घेऊन येऊन गेली.

गावात विलास नावाचा मंडपवाला आहे. लग्नांत मांडव, लायटिंग, डीजे, सगळं त्याचंच. चाकांवर ओढत न्यायचा एक मोठा जनरेटर त्याच्याकडे आहे. लग्नाचा हंगाम असूनही त्या दिवशी तो रिकामा होता. विलास म्हणाला, "बोअरच्या मोटारीले माझं मशीन लावतो. तासाभरात टाकी भरते. खीरबी होईल अन आंघोळबी होईल. काही जनाले आंघोळीची लयच गरज आहे."

"तुलेच आहे," एक म्हातारी म्हणाली.

"मले तं लग्नापासूनच आहे, आजी."

सगळे हसले. मला तो माणूस फार आवडला. चार-पाच जणांनी जनरेटर ओढत बोअरच्या खोलीपाशी नेला. विलासने तिथल्या स्टार्टरच्या पेटीत आपल्या वायरी जोडल्या. ताई आणि मी विहाराच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलो होतो.

जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला. आणि त्याच क्षणी विहारातला पंखा फिरला.

समोरच्या घरात टीव्ही बोलू लागला. गल्लीच्या टोकापासून पोरांची आरोळी उठली, "आली रे आली! लाईट आली!" बायका दारात आल्या. कोणी टाळ्या वाजवल्या. आमच्या खेड्यापाड्यांत लाईट आल्यावर ओरडायची ही रीतच आहे. मीही तोंड उघडलं होतं.

मग मी ताईकडे पाहिलं. तिच्या हातातलं सूप खाली गेलं होतं. तांदूळ पायरीवरून घरंगळत होते.

"परवा म्हणला होता तो," ती म्हणाली. "परवा संध्याकाळी."

मला समजायला थोडा वेळ लागला. तुम्हाला सोप्या शब्दांत सांगतो. बोअरच्या खोलीत एक मेन स्विच असतो आणि त्यात चिनीमातीचे फ्यूज असतात, किटकॅट म्हणतात त्यांना. बाहेरून वीज जोडायची तर आधी ते काढावे लागतात. नाही काढले, तर जनरेटरची वीज मोटारीत जाते तशीच उलटी गावाच्या तारांतही जाते. तिथून डीपीत जाते. डीपी एरवी मोठ्या विजेची लहान वीज करते. उलटीकडून दिली की ती लहानाची मोठी करते आणि जंगलातून जाणाऱ्या तारांवर सोडते. ज्या तारा मेलेल्या आहेत असं समजून कोणीतरी हातात धरलेल्या असतात.

"बंद कर!" ताई ओरडली. तिचा असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. "विलास, बंद कर! माझा पोरगा खांबावर आहे!"

पण बंद करायची वेळच आली नाही. जनरेटरचा आवाज अचानक बसला. ओझं उचलताना माणूस कण्हतो तसा तो कण्हला, काळा धूर सोडला आणि आपोआप बंद पडला. पंखा थांबला. गल्ली गप्प झाली.

तो का बंद पडला, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सगळ्या घरांचा भार एकदम आला म्हणून असेल. किंवा पलीकडे, नाल्याच्या त्या बाजूला, त्या विजेला जमिनीत जायला वाट मिळाली असेल. कशातून मिळाली, हा प्रश्न होता. विलास खोलीच्या दारात उभा होता, हातात पक्कड, चेहरा राखेसारखा.

फोन लागत नव्हता. टॉवरचीही वीज गेलेली होती.

विलासने मोटारसायकल काढली. ताई मधे बसली, मी मागे. रस्त्यावर झाडं आडवी होती, तिथे उतरून बांधीतून गाडी ढकलावी लागत होती. पडलेल्या तारा चिखलात वेटोळी घालून पडल्या होत्या आणि विलास प्रत्येक तारेपाशी थबकत होता, पुढे जावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. मी मनात त्रिशरण म्हणायचा प्रयत्न केला. रोज सकाळी म्हणतो, पन्नास वर्षं होत आली. पहिल्या ओळीच्या पुढे गेलो नाही. ती संपली की पुन्हा तीच ओळ. बाकीचं कुठे गेलं ते कळेना. फक्त ताईच्या पाठीचं हाड माझ्या छातीला लागत होतं.

नाला ओलांडल्यावर प्रवीणची गाडी एका मोहाखाली दिसली. खांब उभा होता. खांबावर कोणी नव्हतं.

खांबाच्या बुडाशी एक पिवळी टोपी उलटी पडली होती.

ताई गाडी थांबायच्या आधीच उतरली आणि पडली. मी तिला उचलायला वाकलो तोच पलीकडून कोणी हाक मारली. टेंभरेकाका होते, पांढऱ्या मिशांचे, धापा टाकत. हात हलवत ते सांगत होते, "आहे, आहे! बाई, आहे तो! इकडं आहे!"

प्रवीण नाल्याच्या काठावर उकिडवा बसला होता. शर्ट छातीवर फाटला होता. भडका पाहून खांबावरून घसरत आल्यामुळे दोन्ही हातांची आणि छातीची साल निघाली होती. तो ओकत होता. आम्हाला पाहून त्याने तोंड पुसलं.

तारांवर काम करण्याआधी त्या एका साखळीने एकमेकींना जोडून जमिनीत पुरलेल्या गजाला बांधतात. कुठून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत उतरते. ही साखळी टाकायला वेळ लागतो, ती जड असते, आणि चाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात पुष्कळ जण ती टाळतात. प्रवीणही टाळणार होता. टेंभरेकाकांनी त्याला शिव्या घालून साखळीसाठी परत खाली बोलावलं होतं. ती साखळी आता गवतात पडली होती. एका जागी तिच्या कड्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"कोनं चालू केलं?" प्रवीणने विचारलं.

विलास पुढे आला. "मीनं."

"किटकॅट काढली होती का बे?"

"नाही."

"काऊन?"

"पानी नव्हतं गा. मले वाटलं, पानी पायजे."

प्रवीण त्याच्याकडे बघत राहिला. मारेल असं मला वाटलं. मारलं असतं तर मी धरलं नसतं. मग त्याने मान खाली घातली आणि विचारलं, "मंग भरली का टाकी?"

"नाही."

ताईने मुलाचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले. एकेक बोट उघडून पाहिलं, उलटं करून पाहिलं, नखं पाहिली. सगळं पाहून झाल्यावर मला म्हणाली, "आता सांग त्याले."

मी सांगितलं. काल सकाळी त्याने ऐकून सोडून दिलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं. आजच चल म्हणालो. असाच चल.

टेंभरेकाका दुसरीकडे पाहत उभे होते. त्यांना गुडघ्यांमुळे आता खांब चढता येत नाही, हे मला प्रवीणनेच आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"मामाजी," प्रवीण म्हणाला, "मी आज आलो, तं ह्या खांबावर कोन चढते? काका चढते, गुडघे घेऊन? का एखादा नवीन पोट्टा, ज्याले साखळी माहीत नाही?" तो थांबला. "मले भेव लागून राहिलं. लयच लागून राहिलं. पन बोअर तं चालू व्हाले पायजे ना."

वाऱ्याने मोहाची पानं सळसळली आणि आम्ही सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. आभाळात काही नव्हतं.

शेवटी ताई उठली. तिने लुगड्यावरचा चिखल झटकला. "मी गावात जाऊन बसतो त्या मशीनपाशी," ती म्हणाली. बोलताना ती विलासकडे पाहत होती, पण राग नव्हता. "तू खाली उतरून घरी येतपर्यंत मी तिथून उठत नाही. कोनाले हात लावू देत नाही."

गावात परत आल्यावर विलासने किटकॅट काढून खिशात घातल्या आणि मग जनरेटर लावला. ताई शेजारी खुर्ची टाकून बसली. टाकी भरली. खीर झाली, पण ती दुपारी उशिरा, आणि लोक ती उभ्यानेच खाऊन गेले. बाळंतिणीला पाणी पहिलं गेलं.

परत

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट आली. पोरांनी तोंडं उघडली आणि मिटली. गल्लीतली सगळी माणसं दारात येऊन उभी राहिली आणि ताईकडे पाहू लागली. ती जनरेटरपाशीच खुर्चीवर होती. टॉवर अजून बंदच होता. मोटारसायकलचा आवाज नाल्याच्या बाजूने ऐकू आला, जवळ आला, आणि प्रवीण दिसला तेव्हा कोणीतरी पहिल्यांदा पंखा लावला.

मी ज्या रस्त्याने गेलो त्याच रस्त्याने परत आलो. काळीपिवळी, पॅसेंजर, एक्सप्रेस. गोठणगावच्या जंगलातून येताना या वेळी सगळा वेळ तारांकडेच पाहत होतो. कुठे फांदी टेकली आहे, कुठे खांब कलला आहे. मित्राला सांगितलं की भाचा येत नाही. तो म्हणाला, "मूर्ख आहे."

तिकडे जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. टॉर्च, पॉवर बँक, मीठ-साखरेच्या पुड्या सोबत असू द्या. आभाळ पिवळं झालं तर झाडाखाली थांबू नका, एखाद्या घरात शिरा, कोणी नाही म्हणत नाही. जमिनीवर पडलेल्या तारेजवळ जाऊ नका, ती मेलेली आहे असं कोणीही सांगितलं तरी. आणि ज्यांच्या घरी, दुकानात, लग्नात जनरेटर आहे त्यांनी तो सुरू करण्याआधी मेन बंद करा, फ्यूज काढून खिशात घाला. हे वाचून एकाने जरी तसं केलं तरी माझं लिहिणं कामाला आलं.

मला प्रवासात पाहिलेलं सहसा लक्षात राहतं. देऊळ, तलाव, खाणं. या वेळी भीतीच सोबत आली आहे आणि ती जायला तयार नाही. हवा बिघडत चालली आहे हे मी पेपरात वाचत होतो. ते कुठेतरी बर्फाच्या देशात घडतं असं वाटायचं. आता मला दिसतं की ते एका सिमेंटच्या खांबावर घडतं. दरवर्षी वादळं जास्त, दरवर्षी तारेला टांगलेल्या गोष्टी जास्त, आणि वर चढणारा माणूस तोच एक.

परवा दुपारी बातम्यांत पूर्व विदर्भात वादळी पाऊस सांगितला. मी दुकानातूनच ताईला फोन लावला. लागला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

"लाईन गेली का?"

"सकाळीच गेली. गेला तो."

"अन तू कुठं आहे?"

"विलासच्या मशीनपाशी. खुर्ची टाकून बसली आहो." ती थोडी हसल्यासारखी वाटली. "विलास म्हंते, मावशी, आता मले लग्नाचं भाडंच मिळत नाही तुमच्यापायी."

"बरं आहे," मी म्हणालो. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "ताई, ती लाईन पुढं किती गावायले जाते?"

"लय गावायले जाते."

"तिथंबी मशिनी असतीन ना?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"असतीन," ताई म्हणाली. "तिथं कोन बसते, बाबू?"